गाणारा घाईत होता

आक्का, आपल्या घरात एका रिकाम्या हंड्याशिवाय काहीच वाजत नव्हतं. खर्ड्याच्या अलीकडं चार एकर मुरमाड रान. पाऊस झाला तर ज्वारी, नाही झाला तर दादा परगावी विहिरी खोदायला आणि आई बांधबंदिस्तीच्या कामावर मुरमाच्या पाट्या उचलायला. आपल्या दोघींत चपलांचा एकच जोड होता. तुझी शाळा सकाळची, माझी दुपारची. ओढ्यापाशी आपण चपला बदलायचो. तिथून तू अनवाणी घरी, मी ऐटीत शाळेत. पाटी उचलताना आईची कंबर गेली तेव्हा तू आठवीत होतीस. एकीनं घर बघायचं आणि एकीनं शिकायचं, हे बाप असून दादांनी ठरवलं नाही, आईनं नाही, तू ठरवलंस. दुसऱ्या दिवशी ओढ्यापाशी आलीच नाहीस. चपला उंबऱ्यात माझ्यासाठी बाहेरच्या बाजूला वळवून ठेवल्या होत्यास.

पुढं मी पदवीधर झाले, आपल्या भावकीत पहिली. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते, कुणाला आवडो न आवडो. पण आज मला त्याबद्दल बोलायचं नाही. आज चौथ्या कॅसेटीबद्दल बोलायचंय, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मध्येच उठून गेलीस. अगदी भैरूअण्णांसारखी.

तो टेप आठवतो ना? पाझर तलावाच्या कामावरच्या ड्रायव्हरनं बंद पडला म्हणून आपल्या गोठ्यात टाकून दिलेला. दादा म्हणाले, "डबडं हाय, कोंबड्या बसवा त्यात." तू चार दिवस तो उघडून बसलीस. आतला रबरी पट्टा तुटलाय एवढं तुला कळलं. मग तू सायकलच्या जुन्या ट्यूबमधून ब्लेडनं बारीक गोल पट्टा कापलास आणि बसवलास. टेप चालू झाला! त्यात ड्रायव्हरचीच एक कॅसेट अडकलेली होती. भैरूअण्णांची चौथी, 'उतरणीचा रस्ता'. आपल्या घरात वाजलेलं पहिलं गाणं ते.

भैरूअण्णा कोण हे नव्या पोरांना सांगावं लागतं. स्वतःच लिहायचं, स्वतःच चाल लावायची, स्वतःच गायचं आणि स्वतःच रुसायचं, असा हा माणूस. एका जत्रेत कुणी शिट्टी मारली म्हणून स्टेजवरून उतरला तो थेट एसटीत जाऊन बसला. एका लग्नात नवरदेवानं घड्याळ बघितलं म्हणून पेटी मिटली. लोक तरीही बोलवायचे, कारण गायला लागला की बाया हातातलं काम सोडून दारात यायच्या.

आणि त्या कॅसेटीतलं ते गाणं, सासरी निघालेल्या पोरीला बाप म्हणतो, 'थांब जरा पोरी, अजून ऊन कलायचं हाय'. आपल्या टेपवर ते असं यायचं, की 'थांब' म्हटल्यावर खरंच सगळं थांबायचं. आई चुलीपुढं हात तसाच धरून बसायची. दादा तर म्हणायचे, "हा बाप आपल्यातलाच कुनीतरी हाय."

नंतर तू बाजारातून, पाहुण्यांकडून, एकेक करत अण्णांच्या सगळ्या कॅसेटी जमवल्यास. पहिली, 'गोठ्यातला दिवा', जिला सगळा जिल्हा डोक्यावर घेतो, ती लावली आणि तू दोन गाण्यांत बंद केलीस.

"म्हातारा झोपंत गातोय गं ह्यात."

"आक्का, तेव्हा तो तरुण होता."

"मग तरुनपनी झोपत असंल."

तेव्हा मीही तुझ्याच पक्षात होते. चौथी ती चौथी, बाकी सगळ्या मागून.

मग मी राहुरीला शेतकी कॉलेजात गेले. होस्टेलवर माझ्या खोलीतल्या पोरीकडं नवा कोरा टेप होता. तिनं एक दिवस 'उतरणीचा रस्ता' लावली आणि मला वाटलं, ही कुणीतरी केलेली नक्कल असणार. आवाज बारीक, ठेका पळता. 'थांब जरा पोरी' असं म्हणायच्या आतच पोरगी वेशीबाहेर. मग तिनं 'गोठ्यातला दिवा' लावली. आक्का, मी कॉटवर उठून बसले. ती काय चीज आहे हे मला त्या दिवशी कळलं. झोपेत नाही, जागेपणी, एकेक शब्द तोलून गायलेली. आणि आपला टेप हळू फिरतो हेही त्याच दिवशी कळलं. तुझा ट्यूबचा पट्टा ढिला होता. तो घसरायचा, म्हणून सगळ्या कॅसेटी दमानं वाजायच्या. जी मुळात सावकाश ती रडायची आणि जी मुळात धावती ती नेमकी जागेवर यायची.

सुट्टीला घरी आले तेव्हा हे सांगायला माझ्या जिभेवर आलं होतं. पण तू टेप फडक्यानं पुसून माझ्यासाठी चौथी कॅसेट लावून ठेवली होतीस. मी नुसतं म्हटलं, "मला आता पहिली आवडती."

तू फडकं खांद्यावर टाकलंस. "कॉलेजात गेल्यावर कानबी बदलत्यात व्हय?"

कारण मी दिलंच नाही. दिलं असतं तर तुझ्या हातच्या पहिल्या दुरुस्तीत खोट काढावी लागली असती, आणि त्या दुरुस्तीवर तर तू पुढं उभी राहिलीस. लग्न होऊन सुप्याला गेलीस, दाजी एमआयडीसीत कामाला, आणि तू घराच्या पुढच्या खोलीत मिक्सर, पंखे, इस्त्र्या उघडायला लागलीस. कंपनीतल्या साहेबांच्या बायका 'कौशल्याताईंनाच दाखवा' म्हणून लांबून यायच्या. आठवीतून शाळा सुटलेली माझी बहीण! मी कृषी सहायक झाले त्याचे पेढे तू वाटलेस, पण तुझ्या दुकानावर पाटी लागली तेव्हा पेढे वाटायचे असतात हे मला सुचलंसुद्धा नाही. आता सुचून काय उपयोग म्हणा.

लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकरवर ते गाणं खरोखरच्या वेगात लागायचं तेव्हा मला वाटायचं, आता हिला कळेल. तू म्हणायचीस, "स्पीकरवाल्याला दुसऱ्या लग्नाला जायाची घाई असती." कळलं नाही ते नाहीच. निदान मला तसं वाटायचं.

मग मोबाईल आले आणि भैरूअण्णांच्या चाहत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. मी त्यात गेले आणि तुला घेतलं, ही माझी चूक की पुण्य हे अजून ठरायचंय. नगरचे कुलकर्णी सर, हायस्कुलातून मराठी शिकवून रिटायर झालेले, ते ग्रुपचे कारभारी. राहुरीचे पठाडे, एसटीत कंडक्टर होते, ते ग्रुपचं तोंड. बाकी दहा-बाराजण, सगळे पुरुष. सकाळी उठून 'गोठ्यातला दिवा' श्रेष्ठ का यावर सरांचा दोन हात लांब मेसेज यायचा. त्यात 'आशयघन' आणि 'लोकलय' असे शब्द असायचे. त्याच्याखाली तुझा आवाज यायचा, मागं मिक्सरची घरघर. "सर, समदं खरं. पन ती झोपंत गायलेली हाय. चौथी ऐका."

पठाडे लिहायचे, 'ताई, चौथी म्हणजे थेट गाडी, कुठंच थांबत नाही.'

तू म्हणायचीस, "तुमी नीट ऐकत न्हाई. ती तर प्रत्येक झाडाखाली थांबती."

दोघंही खरं बोलत होतात. हे त्या सगळ्या ग्रुपात फक्त मला माहीत होतं आणि मी गप्प होते.

दरवर्षी एका रविवारी आपण नगरला कुलकर्णी सरांच्या ओसरीवर जमायचो. अण्णांच्या सगळ्या कॅसेटींची रिकामी कव्हरं सतरंजीवर मांडायची, प्रत्येकानं घरून एकच चिंचोका आणायचा आणि आपल्या कॅसेटीवर ठेवायचा. तू तुझा पदराच्या गाठीत बांधून आणायचीस. पहिलीवर नेहमी ढीग. चौथीवर एकच, पदराच्या गाठीतून निघालेला. माझा? माझा पहिलीवर. तुझ्या डोळ्यांदेखत. एकदा तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "सुमे, घरातलं मतबी फुटलं की गं!" आणि स्वतःच एवढी हसलीस की सरांच्या बायकोनं आतून पाणी पाठवलं.

तीन वर्षांपूर्वी सरांनी त्या रविवारी खुद्द भैरूअण्णांनाच बोलावलं. आले बिचारे. पांढरे केस, तीच पेटी, कपाळाला आठ्या. तीन गाणी झाली, मग म्हणाले, "सांगा, काय म्हणू?" सगळे आदबीनं एकमेकांकडं बघत होते, आणि तू उभी राहिलीस.

"अण्णा, 'थांब जरा पोरी' म्हना. पन दमानं म्हना. कॅसेटीत लई पळिवलंय तुमी."

तोवर तुझ्या तोंडी 'पळवलंय' मी कधीच ऐकलं नव्हतं. पुढं मला कळलं, मोबाईलवर ऐकून ऐकून तुझ्याही लक्षात यायला लागलं होतं.

अण्णांनी पेटीचा भाता बंद केला. "बाई, तुम्ही काय करता?"

"मिक्सर दुरुस्त करते."

"मी कधी येऊन तुमच्या मिक्सरला सांगतो का, दमानं फिर म्हणून?"

"सांगा की," तू म्हणालीस. "तीन बटनं त्याच्यासाठीच असत्यात."

ओसरीवर कुणीतरी फस्सकन हसलं. पठाडे असणार. अण्णा उठले, पेटी उचलली, वाढलेल्या ताटाकडं बघितलंसुद्धा नाही आणि गेले. सरांचा चेहरा पडला. पुढं पंधरा दिवस ग्रुपवर तुझ्याशी कुणी बोललं नाही.

आणि मी? मी तर त्याच दिवशी, सुप्याच्या एसटीत, तुझ्यावर तुटून पडले. एवढी वर्षं गिळलेलं सगळं बाहेर आलं. "चार माणसांत शोभा केलीस. आणि कशाच्या जोरावर? आपलं मशीनच स्लो हुतं, आक्का! तुझा पट्टा ढिला हुता! तू जे ऐकलंस ते गाणं अण्णांनी कधी गायलंच न्हाई!"

तू तिकीट घडी करून पिशवीत टाकलंस. सुप्याचा स्टॉप आल्यावर पिशवी उचलली आणि उतरता उतरता म्हणालीस, "मशीन ढिलं न्हवतं. गानारा घाईत हुता."

कंडक्टरनं बेल मारली. मला उत्तर द्यायलाही वेळ मिळाला नाही. शेवटचा शब्द नेहमी तुझाच.

त्यानंतर आपण बोलत होतो, हसत होतो, ग्रुपवर तू पुन्हा भांडायला लागलीस, पुढच्याच वर्षी पदराच्या गाठीतून चिंचोका काढून चौथीवर ठेवलास. पण त्या पट्ट्याचं नाव दोघींनीही परत काढलं नाही. मी माफी मागायची म्हणत राहिले. म्हणत राहिले, एवढंच.

तुझ्या दहाव्याला दाजींनी कपाटावरून एक गाठोडं काढलं. "हे सुमीला द्यायचं म्हनली हुती." आत तो टेप. स्वच्छ, तेल दिलेला. मी मागचं झाकण उघडलं तर आत ट्यूबचाच पट्टा, पण नवा कापलेला. शेजारी एका डबीत तसलेच आणखी पाच-सहा कापून ठेवलेले, सगळे एका मापाचे, एका ढिलाईचे. आणि त्याच डबीत दुकानातून आणलेला खरा पट्टा. पाकीट फोडलेलं.

मी दाजींकडं बघितलं.

"तुमच्या भांडनानंतर आनला हुता तिनं," दाजी म्हणाले. "लावला. दोनी कॅसेटी पुऱ्या ऐकल्या. पहिली ऐकून म्हनली, सर खोटं बोलत न्हाईत. मग म्हनली, सुमीबी खरं बोलली. आन् खरा पट्टा काढून परत ट्यूबचा घातला."

"का?"

"मी पन तेच इचारलं. म्हनली, सुमी खरं बोलली, पन गानं ह्येच बरं हाय."

आक्का, दुखवट्याच्या घरात मी मोठ्यानं हसले. तुझ्या जावेनं तोंडाला पदर लावला. मला काय करू न काय नको असं झालं. तू मेकॅनिक. दोन्ही पट्टे लावून बघितल्याशिवाय निकाल द्यायची नाहीस, हे मला आधीच कळायला हवं होतं. पदवी माझ्याकडं होती आणि तपासणी तू केलीस.

त्याच दुपारी मी तुझ्या पट्ट्यावर ते गाणं लावलं, मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'कौशल्याताई हे ऐकत होत्या. पट्टा ढिला आहे. एकदा शेवटपर्यंत ऐका.' कुणाचंच काही आलं नाही. संध्याकाळी पठाड्यांनी फक्त एवढं लिहिलं, 'गाडी थांबली.'

पठाड्यांनी ते अण्णांनाही पाठवलं, हे मला माहीत नव्हतं. तेराव्याच्या दिवशी पंगती उठत होत्या आणि फोन वाजला.

"माझं गाणं कुणी मोडलं?"

ओळख नाही, पाळख नाही. मी म्हटलं, "अण्णा, आमच्या टेपचा पट्टा..."

"पट्टा कळला मला. आवाज रेड्यासारखा आलाय माझा. एवढ्या खालच्या पट्टीत मी जन्मात गायलो नाही." मग म्हणाले, "पण चाल हीच. मी बांधली होती ती हीच. कॅसेटवाला म्हणाला, एका बाजूला अर्धा तास, त्यात सहा गाणी बसलीच पाहिजेत. मी म्हटलं, पाच घे. तो ऐकेना. मग हाणली पळवत. त्या रागात पुढं दोन वर्षं त्याच्या दारात गेलो नाही." मग विचारलं, "ती मिक्सरवाली बाई कुठाय?"

"गेली, अण्णा. आज तेरावं."

मला वाटलं, आता कट करतील. कट करणं हा तर त्यांचा स्वभाव.

"त्या दिवशी मी ताटावरून उठून गेलो," ते म्हणाले. "भाजी कसली होती?"

"वांग्याची. आक्कानंच घरून करून आणली होती."

"हं," म्हणाले आणि मग कट केला.

आता हे कॅसेटवाल्याचं खरं की माझ्या दुःखाकडं बघून त्यांनी रचलं, मी शपथेवर सांगणार नाही. भैरूअण्णा आहेत, उद्या उलटंही बोलतील. पण तू एसटीतून उतरताना जे म्हणालीस तेच त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तुला हे सांगायला मी फोनमध्ये तुझा नंबर काढला. काढला आणि मग आठवलं.

परवा रविवारी सरांच्या ओसरीवर जमलो. मी टेप घेऊन गेले. कव्हरं मांडली. चिंचोके ठेवायच्या आधी मी स्पष्ट सांगितलं, "ताई गेल्या म्हणून कुणी मत द्यायचं नाही. तिला ते चाललं नसतं."

"कोन देतंय?" पठाडे म्हणाले. "मी गान्याला देतोय. ताईसंगं माझं भांडन अजून मिटलेलं न्हाई." आणि त्यांनी चौथीवर चिंचोका ठेवला, डोळे पुसत. कुलकर्णी सरांनी त्यांचा पहिलीवर ठेवला. म्हणाले, "कौशल्याबाईंचा मला आदर आहे, म्हणूनच माझं मत बदलत नाही." मला सर त्या क्षणी जेवढे आवडले तेवढे आधी कधी आवडले नव्हते. तुलाही आवडले असते. तू म्हणाली असतीस, "झोपू द्या त्यास्नी."

माझा नंबर शेवटी आला. मी चिंचोका पदराच्या गाठीत बांधून नेला होता. गाठ सुटेना, तुझ्यासारखी मारता येत नाही मला. सरांच्या बायकोनं सोडून दिली.

ह्या वर्षीचा निकाल असा. 'गोठ्यातला दिवा' पाच. 'उतरणीचा रस्ता' सात, त्यात एक माझा. आक्का, तुझी कॅसेट पहिली आली.